माझ्या नावाचा माणूस

९ फेब्रुवारी

“तुझी आई गेलेली नाही, कामावर आहे.” मी पाच वर्षांची असताना नेनेकनं, माझ्या आजोबानं, मला हे सांगितलं होतं. भाताच्या कोठाराखालच्या ओट्यावर मला पुढ्यात घेऊन तो माझ्या केसांतल्या उवा काढत होता आणि खालच्या रस्त्यानं आईची बस वळणाआड जात होती. ते ऐकून मी रडायची थांबले. कामावर गेलेलं माणूस संध्याकाळी घरी येतं, एवढं मला कळत होतं.

त्याला आता दहा वर्षं झाली. आई अजून कामावर आहे. समुद्रापलीकडे तिमिकाला, खाणीतल्या कामगारांच्या खानावळीत.

ते वाक्य आज आठवलं, कारण परवापासून नेनेक आजारी आहे. परवा पहाटे त्याचा खोकला थांबला, मग श्वास थांबला. आईचा मोठा भाऊ, पापा यान, मकालेहून आला. एक नर्स येऊन शरीर टिकून राहायचं औषध टोचून गेली. नेनेकला नवा शर्ट घालून दक्षिणेच्या खोलीत, पश्चिमेकडे डोकं करून झोपवलं. आणि आता सगळे म्हणतात, तो आजारी आहे. यात मला नवं काही नाही. सगळे नातेवाईक जमून मोठं कार्य होईपर्यंत, त्यात डोकं दक्षिणेकडे फिरवेपर्यंत, माणूस आजारीच असतो. शेजारच्या लोटोचे आजोबा वर्षभराहून जास्त आजारी होते. त्यांच्या खोलीत बसून आम्ही टीव्ही बघायचो. मला कधी काही वाटलं नाही.

पण ते लोटोचे आजोबा होते.

नेनेकचं खरं नाव मला नीट आठवावं लागतं. आमच्याकडे मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागं पडतं. यानचा बाप तो पापा यान. पहिलं नातवंड मी, म्हणून मी जन्मले तेव्हापासून गावानं माझ्या आजोबाला नेनेक बान्ने केलं. रस्त्यात कुणी त्याला हाक मारली की मीच आधी मागं वळायची, आणि तो हसायचा.

तांते दामारिस मात्र नुसती दामारिस. ती आईची थोरली बहीण, म्हणून मला तांते, मावशी. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, मूल नाही. म्हणून बाजारात तिच्याहून लहान बायासुद्धा तिला नावानं हाका मारतात.

ही वही लिहायला घेतली, कारण पूर्वी सगळं नेनेकला सांगायची. अजूनही सांगू शकते, तो तिथंच आहे. पण ऐकतो की नाही, कळत नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी नेनेकची कॉफी मी नेते. आज तांतेनं दारातच अडवलं.

“बोट घालून बघ. थंड झालीय. आजाऱ्याला थंड कॉफी देतात?”

“तो पितो कुठं?”

“पितो की नाही ते तू ठरवणार? गरम कर. साखर दोन चमचे. आणि जाताना दार वाजवून जा, उठवल्यासारखी शिरू नकोस.”

मी गरम करून नेली. दार वाजवलं. “नेनेक, कॉफी,” म्हटलं. खोलीत औषधाचा वास आहे आणि त्याच्या लवंगेच्या सिगारेटींचाही. तो कोपऱ्यात रचलेल्या चादरींतून येत असावा. मला दोन मिनिटं सुद्धा बसवेना. बाहेर आले, डुकरांना पाला टाकला, परत आत गेले, परत बाहेर आले. दिवसभर असंच चाललंय. पाय कुठं ठेवावेत कळत नाही.

२० फेब्रुवारी

शाळेत सरांनी विचारलं, इतके दिवस का आली नाहीस? मी म्हणाले, “नेनेक मेला.”

लोटोनं माझ्या बाहीला धरून खाली ओढलं. सर हळू आवाजात म्हणाले, “आजारी आहे म्हणायचं, बान्ने.”

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. तांतेनं दंडाला असा चिमटा काढला की अजून काळानिळा आहे. “जिभेला काही हाड? बाप माझा आहे तो. आत ऐकतोय. त्याला घालवायची एवढी घाई झालीय तुला?”

मला? मला घाई?

४ मार्च

काल पापा यान आले होते. कोठाराच्या ओट्यावर बैठक झाली, गावातली वडीलधारी माणसं होती. मी पान-सुपारी फिरवत होते म्हणून सगळं ऐकायला मिळालं. कार्य जुलैत करायचं ठरतंय. तेव्हाच सगळ्यांना सुट्ट्या असतात, आणि तिमिकाची मंडळी येऊ शकतील.

मग एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. “आणि ही?”

पापा यान म्हणाले, “कार्य झालं की बघू. आई आहे ना तिची. आता मोठी झाली, आईकडेच गेलेली बरी. या घरात मग राहतंय कोण?”

तांते दामारिस तिथंच सुपारी कातरत होती. ती म्हणाली, “मी भूत आहे वाटतं?”

सगळे हसले. ती हसली नाही. पण मला ठेवून घेते असंही म्हणाली नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. नेनेक आजारी आहे तोवर मी इथं. तो मेला की मी तिमिकाला.

५ मार्च

तिमिका मी फोनमध्ये बघितलंय. सपाट आहे. मला डोंगर नसलेल्या जागी झोप येईल का? तिथं आईचा दुसरा नवरा आहे, त्याचा आवाज मी एकदाच ऐकलाय, तो “कोण?” म्हणाला होता. आणि केविन आहे, माझा भाऊ, सहा वर्षांचा. आणि आई आहे. आईची आठवण येते का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. खरं तर आठवतं ते एवढंच, की तिच्या हातांना लसणाचा वास यायचा. बाकी सगळं फोनमधलं आहे.

मला जायचं नाही. का जायचं नाही, ते नीट सांगता येत नाही. इथं तरी माझं कोण उरलंय?

२२ मार्च

तांते मागच्या अंगणात फोनवर आईशी भांडत होती. मी सरपण आणायला गेले होते, भिंतीआड थांबले.

“पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी काय लावलंयस? या वर्षी काय ते बोल... तूच सांग तिला. मी का सांगू तुझ्या वतीनं?... पोरगी म्हणजे पाहुण्याची छत्री नाही, कुणाच्या तरी दारात विसरून जायला!”

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. तिला मी या वर्षीच घराबाहेर हवी आहे. पुढच्या वर्षापर्यंतसुद्धा दम नाही.

रात्री ती माझ्या ताटात जास्तीचा मासा वाढायला आली. मी ताट बाजूला घेतलं. “नको तर नको,” म्हणाली आणि स्वतःचा उकडलेला कंद घेऊन चुलीपाशी जाऊन बसली. हल्ली ती माझ्याबरोबर जेवतच नाही. माझं तोंड बघायला नको म्हणून असेल.

१२ एप्रिल

चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं. जुन्या चालीरीतींवर बोलत होते. म्हणे पूर्वी आई-बाप गेले की मुलं दफन होईपर्यंत भाताला शिवत नसत, कंद आणि मका खाऊन राहत. आता देव आपल्याला असं उपाशी ठेवू इच्छित नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी पुटपुटली, “देवाला कुठं बाप मेल्यावर जेवावं लागतं.” मला हसू आलं. तांतेनं कोपर मारलं. तिला कधीच कशाचं हसू येत नाही.

घरी येऊन नेनेकला ती म्हातारी काय म्हणाली ते सांगितलं. आधीचा नेनेक असता तर खोकेपर्यंत हसला असता.

९ मे

आईचा फोन. “मोठी झालीस का गं? उंची किती? तुझ्यासाठी कपडे घ्यायचेत.” मी सांगितली. तिकडून केविन ओरडत होता, त्याला फोन हवा होता. मी धीर करून विचारलं, “आई, तिकडे माझी शाळा कुठली असेल?”

तिनं केविनला गप्प केलं. मग म्हणाली, “आधी तुझ्या आजोबांचं नीट होऊ दे. आल्यावर बोलू सगळं. हं? गुणाची माझी.”

म्हणजे शाळा बघून ठेवलीय आणि आत्ता सांगितलं तर मी रडेन म्हणून सांगत नाही.

फोन ठेवल्यावर तांतेनं विचारलं, “काय म्हणाली?”

“आल्यावर बोलू म्हणाली.”

तांतेनं हातातला कोबी असा चिरला की फळीसकट दोन तुकडे होतील असं वाटलं.

३ जून

परीक्षा संपली. आता करायला काही नाही आणि ते सर्वांत वाईट. दिवसातून किती वेळा डोंगरावर चढते-उतरते. साहेबाला चरायला नेते. साहेब म्हणजे नेनेकचा रेडा. लांब शिंगांचा, काळाभोर. नेनेकनं नाव ठेवलं साहेब, कारण तो काही काम करत नाही, चिखलात बसून राहतो आणि लोक चारा आणून समोर ठेवतात. नेनेक रोज त्याला ओढ्यावर न्यायचा, अंग घासायचा, कानात बोलायचा. कार्यात सगळ्यांत आधी साहेबच कापला जाईल आणि नेनेकला पाठीवर घेऊन पलीकडे जाईल. नेनेकनं ते स्वतःच ठरवलं होतं. “दुसऱ्या कुणाच्या पाठीवर मी बसणार नाही,” म्हणायचा.

साहेबाला घासताना मी बघते. त्याला काही माहीत नाही. की माहीत आहे?

१८ जून

काय करून बसले होते ते लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

काल कळलं, आज पापा यान वडीलधाऱ्यांना घेऊन साहेबाला बघायला येणार. तो धडधाकट आहे, शिंगं शाबूत आहेत हे बघितलं की जुलैची तारीख पक्की. माझ्या डोक्यात आलं, साहेब सापडलाच नाही तर? तारीख पुढं जाईल. जुलैच्या मध्यावर शाळा सुरू होते. एकदा इथल्या हायस्कुलात नाव लागलं की वर्षभर कुणी हलवणार नाही.

उजाडायच्या आधीच त्याला घेऊन टेकडीपलीकडे, ओढा ओलांडून बांबूच्या बेटात गेले. बांधला. तिथंच बसले. सुरुवातीला तो चरला. मग त्याला माणसं दिसेनात, चिखल दिसेना, तो बिथरला. गोल गोल फिरला, दोर पुढच्या पायात अडकला, आणि डोकं झाडायला गेला तो एक शिंग दोन बांबूंच्या मधे गच्च बसलं. तो ओढायला लागला. बांबू करकरले. की शिंग करकरलं, मला कळेना. मोडक्या शिंगाचा रेडा नेनेकला नेऊ शकत नाही. मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि “साहेब, थांब, साहेब, थांब,” एवढंच म्हणत राहिले.

कुठून आली कुणास ठाऊक, तांते दामारिस समोर उभी. पायात गमबूट, हातात कोयता.

“बाजूला हो. आधी तो, मग तू.”

तिनं बांबू मुळापासून तोडायला घेतला. रेड्याशी हळू आवाजात बोलत होती, अगदी नेनेकसारखं. तो आवाज तिच्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. शिंग सुटलं. शाबूत होतं. पायाला दोर घासून कातडी सोलली होती, ती तिनं ओढ्यावर धुतली, वर पाला ठेचून लावला.

मी वाट बघत होते, आता मार बसणार. ती दगडावर बसली आणि धाप टाकत राहिली. बारीक झालीय ती. गालाची हाडं वर आलीत.

“नेनेकला उशिरा पाठवून तुला काय मिळणार होतं?”

“मला तिमिकाला नाही जायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचित्र हसली. “तुला कोण नेतंय!”

टोमणा मारायची एक संधी सोडत नाही ही बाई.

घरी पापा यान लाल होऊन उभे. “रेडा कुठं होता? माणसं सकाळपासून ताटकळलीत!”

“मी नेला होता,” तांते म्हणाली. “इथलं गवत खाऊन कंटाळला होता.”

“आज? दामारिस, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि पायाला काय झालं?”

“खरचटलं. मलाही खरचटलंय, ते नाही विचारलंस.”

म्हातारी माणसं हसली. साहेबाला बघितलं, शिंगांवरून हात फिरवला, ठीक म्हणाली. तारीख पक्की झाली.

तिनं माझं नाव का घेतलं नाही?

१९ जून

विचार करून उत्तर सापडलं. माझं नाव सांगितलं असतं तर आईला कळलं असतं, मी वाईट मुलगी आहे, आणि आईनं मला न्यायला नकार दिला असता. म्हणून.

७ जुलै

अंगणाभोवती बांबूची घरं उभी राहिली आहेत, पाहुण्यांसाठी. सगळीकडे करवतीचा आवाज, लाल कापड, डुकरांचं ओरडणं. नेनेकच्या खोलीत मात्र तेवढंच शांत आहे. आता मी तिथं बसू शकते. बाहेर बसवत नाही म्हणून आत बसते.

आज त्याला विचारलं, “नेनेक, मी आईबरोबर जाऊ का?” तांते दारात उभी होती हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, “आजाऱ्याला त्रास देऊ नकोस,” पण ओरडून नाही. मग आत येऊन त्याची चादर सारखी केली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला धुराचा वास येतो. बराच वेळ बसलो.

१४ जुलै

आई आली.

बसमधून उतरली तेव्हा मी ओळखलं नाही. केस सरळ केलेत. केविन तिच्या पायाला चिकटलेला. नवरा आला नाही. तिमिकाला राहणारी आमच्याकडची आणखी माणसं होती, एकत्रच आली. आईनं मला जवळ घेतलं आणि रडली. हातांना लसणाचा वास नाही. “केवढी झालीस, केवढी झालीस,” म्हणत राहिली. मला आणलेला ड्रेस काखेत घट्ट होतो. मी तरी घातला.

केविन गोड आहे. तो मला विचारतो, “डुकरांची नावं काय?” मी सांगितलं, डुकरांना नावं नसतात. त्याला वाईट वाटलं. मग आम्ही दोघांनी सगळ्यांना नावं ठेवली.

शाळेचं आई अजून काही बोललेली नाही. मी बॅग भरून ठेवली आहे. बोलली की लगेच निघता येईल.

१६ जुलै

आज सकाळी नेनेकचं डोकं दक्षिणेकडे फिरवलं.

घंटा वाजली. खोलीत फक्त घरचे. पापा यान डोक्याशी, आई आणि तांते दोन बाजूंना. मी भिंतीला टेकून होते. तांतेनं मान वळवली. “तिथं काय करतेस? पायांकडून धर. तू नाही धरणार तर कोण?”

मी धरले. किती हलका. नेनेक नेहमी म्हणायचा, माणूस म्हणजे चौघांनी उचलायचं ओझं, त्याचं तर काहीच वजन नव्हतं. आम्ही त्याला फिरवला. आणि पापा यान म्हणाले, “आता आमचे बाबा गेले.” इतक्या महिन्यांत माझ्याशिवाय पहिल्यांदा कुणीतरी ते म्हणालं.

आई मोठ्यानं रडली. बाहेरच्या बायकांनी सूर धरला. मला रडू आलं नाही. वाटलं होतं की छाती फुटेल, तर उलट श्वास नीट आला, आणि त्याचीच भीती वाटली. मी पळत डुकरांकडे गेले. तांते मागोमाग आली असावी, कारण वळून बघितलं तर कुंपणापाशी उभी होती. मी परत येईपर्यंत तिथंच होती.

१७ जुलै

साहेब गेला. मी बघितलं. तांतेनं माझे डोळे झाकले नाहीत, हात धरून ठेवला. “बघ,” म्हणाली. “नीट गेला म्हणून सांगता यायला हवं.”

दुपारी पाहुण्यांच्या रांगा. मी कॉफीचे ट्रे नेत होते. आई तिमिकाच्या बायकांबरोबर पलीकडच्या बांबूघरात बसली होती. एका बाईनं लांबून हाक मारली, “ममा केविन! ए ममा केविन!”

आणि आईनं वळून बघितलं. लगेच. सवयीनं.

माझ्या हातात ट्रे होता. आमच्याकडे पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. पहिल्या. दुसऱ्याच्या नाही.

त्या बाईनं मला बघितलं. “ही कोण गं, ममा केविन? भावाची मुलगी?”

आई माझ्याकडे बघून हसली. डोळे हसले नाहीत. म्हणाली, “घरचीच आहे.”

मी कॉफी ठेवत होते. एक कप, दुसरा कप. कुठंही सांडली नाही.

चुलीपाशी भाताचे हंडे उतरवणारी तांते दामारिस सरळ उभी राहिली. धुरातून तिचा आवाज आला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा. “तिची मुलगी आहे! थोरली. बान्ने. ज्याच्या कार्याचं तुम्ही जेवताय ना, त्याला अख्खा मुलूख हिच्या नावानं ओळखतो!”

तिमिकाची बाई कपात बघायला लागली. आईनं मान खाली घातली.

“आणि तू उभी काय राहिलीस?” तांते माझ्यावर ओरडली. “केळीची पानं संपलीत. आण जा.”

मी गेले. बागेत पानं कापता कापता रडू आलं. पाच महिन्यांचं एकदम आलं. नेनेकचं किती आणि बाकीचं किती, ते वेगळं करता आलं नाही. पानं आणायला उशीर झाला तरी कुणी हाक मारली नाही.

१९ जुलै

काल नेनेकला कड्यातल्या थडग्यात ठेवलं. सगळ्या गावानं खांद्यावर घेऊन, आरडाओरडा करत, चिखल उडवत नेलं. त्याला आवडलं असतं. दगडी दार लागलं.

आज सकाळी आई मला कोठाराच्या ओट्यावर घेऊन बसली. “तिथं घर लहान आहे गं. ह्यांना मी अजून सगळं नीट सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी नक्की. तोवर तू—”

“बरं,” मी म्हणाले.

तिला वाटलं होतं मी रडेन किंवा भांडेन. तिनं मला जवळ घेतलं. मी घेऊ दिलं. ती वाईट नाही. ती घाबरलेली आहे. एवढी मोठी बाई घाबरलेली असू शकते हे मला माहीत नव्हतं.

मग पापा यान आले. त्यांना वाटत होतं मी आजच जाणार. “असं कसं? लेकीला ठेवून जातेस? मग पोरीची जबाबदारी कुणावर?”

तांते भांडी घासत होती. तिनं हात पुसलेसुद्धा नाहीत. “फेब्रुवारीपासून सांगतेय, बहिरा आहेस का? पोरगी कुठं जाणार नाही. सोमवारी तिचं हायस्कुलात नाव घालून आलेय.”

सोमवार म्हणजे आई यायच्या आदल्या दिवशी. कार्याची एवढी धावपळ चालू असताना.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुझ्या आईनं सांगायचं होतं. तिला संधी दिली मी. शेवटपर्यंत दिली.” आणि लगेच, “बॅग कसली भरून ठेवलीयस? काढ ते कपडे. मोडतील घड्या.”

दुपारी आई गेली. केविननं बसच्या खिडकीतून डुकरांची नावं घेऊन टाटा केला.

रात्री आम्ही दोघीच जेवलो. तांतेनं ताटभर भात घेतला, दोनदा घेतला. इतक्या महिन्यांत तिला भात खाताना बघितलं नव्हतं. पोटाचं काही दुखणं असेल, ते बरं झालं असावं. जेवताना तिचे डोळे सारखे भरत होते. मिरची जास्त झाली होती, म्हणाली.

२४ जुलै

शाळा सुरू झाली. पाय थोडे शांत आहेत, पूर्ण नाही. दक्षिणेची खोली धुऊन काढली. सकाळी अजून कॉफी तीन कप होते आणि मग आम्ही एकमेकींकडे बघतो. जास्तीचा कप तांते पिते.

परवा तिच्याबरोबर बाजारात कोबी विकायला गेले होते. भाजीवाल्या बायका “दामारिस, कोबी कसा दिला?” “ए दामारिस, सरक जरा,” असं ओरडत होत्या. त्यात तिच्याहून वीस वर्षांनी लहान एक होती, कडेवर पोर. तिला मात्र सगळ्या इंदो रोनी म्हणत होत्या, रोनीची आई. तांतेला सवय आहे. तिनं कोबीच रचला.

माझ्या नावाचा माणूस कड्यात आहे. मी इथं जितीजागती, आणि माझ्या नावानं हाक मारावी असं गावात कुणीच उरलं नाही. हे बरोबर नाही. दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. वर्गातसुद्धा फळ्यावरचं दिसत नव्हतं.

तिला विचारायचं ठरवलंय. उद्या पहाटे, बाजाराला जाताना तिच्या स्कूटरवर मागं बसल्यावर, म्हणजे तिला माझं तोंड दिसणार नाही आणि मला तिचं. ती काय म्हणेल ते माहीत आहे. म्हणेल, तुझी आई जिवंत आहे. म्हणेल, लोक तोंडात शेण घालतील माझ्या. म्हणेल, गप बस आणि टोपली घट्ट धर. नाहीच म्हणणार ती. तरीही विचारेन.

तांते, उद्यापासून बाजारात मी सगळ्यांना सांगितलं, आणि कुणी तुला “इंदो बान्ने” अशी हाक मारली, तर तू वळून बघशील का?